ब्लॅकमोर गेल्यानंतरचं डीप पर्पल

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर गिटारवादकांचा विषय निघाला की सुध्याचं एक वाक्य ठरलेलं असतं : "डीप पर्पल १९९३ ला संपलं." त्या नोव्हेंबरमध्ये या ब्रिटिश हार्ड रॉक बँडचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर दौरा अर्धवट टाकून निघून गेला, हे खरं आहे. पण या वेळी मी सोडलं नाही.

"मग १९९६ चा 'पर्पेंडिक्युलर' अल्बम कोणाचा?"

"स्टीव्ह मॉर्सचा. वर नाव पर्पलचं, इतकंच."

"पूर्ण ऐकलायस?"

"दोन-तीन गाणी."

"अरे, मग कशाच्या जोरावर भांडतोयस?" मिल्या तापला. तो बास गिटार वाजवतो, त्यामुळे पर्पलच्या बासवादक रॉजर ग्लोव्हरबद्दल कोणी वाकडं बोललेलं त्याला सहन होत नाही.

तेव्हाची परिस्थिती आधी नीट मांडायला हवी. जपानचे कार्यक्रम तोंडावर आलेले आणि गिटारवादक गायब. अमेरिकन गिटारवादक जो सॅट्रियानीनं ती वेळ निभावून नेली, पण तो कायमचा राहणार नव्हता. १९९४ च्या अखेरीस मॉर्स आला. डिक्सी ड्रेग्ज आणि कॅन्सस हे बँड गाजवलेला हा अमेरिकन माणूस. 'गिटार प्लेयर' मासिकाच्या वाचकांनी त्याला सलग पाच वर्षं सर्वोत्तम ठरवलं होतं. मधल्या काळात त्यानं प्रवासी विमानंही चालवली. पंचवीस वर्षांहून जुन्या बँडला जुनीच गाणी वाजवत आरामात जगता आलं असतं. त्याऐवजी ही मंडळी फ्लोरिडातल्या स्टुडिओत जाऊन बसली आणि नवं काहीतरी शोधू लागली. मला या अल्बमचं मोल वाटतं ते इथे.

"पण रिफ, गिटारची ती सारखी परतून येणारी छोटी चाल, कुठाय?" सुध्या म्हणाला. "पर्पलचं 'स्मोक ऑन द वॉटर' गिटार हातात घेतलेलं पोरगं पहिल्याच दिवशी वाजवतं. यातलं एक तरी सांग."

"'टेड द मेकॅनिक'ची सुरुवात ऐक," मी म्हटलं. मॉर्स तिथे तार छेडतानाच तिच्यातून चिरकणारे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुरावरचे उंच सूर, काढतो आणि त्यांचीच रिफ बनवतो. ब्लॅकमोरनं असं कधी वाजवलं नसतं, आणि मॉर्सनं त्याची नक्कल केली असती तर मी आज या अल्बमची बाजूच घेतली नसती. मग 'कॅस्केड्स'. गिटार आणि जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन त्यात सुसाट धावतात, पण एकमेकांची पावलं ओळखून. ब्लॅकमोर आणि लॉर्डच्या जुगलबंदीत ईर्षा असायची, आणि तिची मजा मीही भरपूर घेतली आहे. इथे मात्र दोघं एकमेकांचं ऐकताहेत हे ऐकू येतं.

"आणि 'रोझाज कँटिना'?" मिल्या मध्ये घुसला. "अख्खं गाणं बासच्या चालीवर उभं आहे. गिटार जवळजवळ नाहीच. नवा गिटारवादक आणलाय आणि त्याला बाजूला बसायला लावलंय. हिंमत लागते!"

"गायक गिलनच्या आवाजाचं काय?" सुध्या अजून हटेना. "तेव्हा पन्नाशी गाठली होती त्यानं. 'चाइल्ड इन टाइम'च्या किंकाळ्या कुठून आणणार?"

त्यावर कट्ट्यावरचे काका बोलले. एप्रिल १९९५ मध्ये पर्पल मुंबईत आलं, तेव्हा काका तिथे होते. अल्बम निघायच्या आधीच नव्या चाली पर्पलनं इथे वाजवून पाहिल्या. ते रेकॉर्डिंग पुढे 'बॉम्बे कॉलिंग' नावानं निघालं. ('चाइल्ड इन टाइम'ची ऑर्गनची धूनही मुळात 'बॉम्बे कॉलिंग' याच नावाच्या एका अमेरिकन रचनेवरून घेतलेली, हे कट्ट्यावर फार कमी जणांना माहीत होतं.) काका म्हणाले, "बाळा, किंकाळी हवी असेल तर जुनी रेकॉर्ड लाव. 'समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग' ऐक. नाव किंचाळण्याचं, आणि माणूस सुरुवातीला जवळजवळ बोलतोय. आवाज कुठे राखायचा आणि कुठे सोडायचा हे वयानंच कळतं."

माझ्या मते हे गाणं पर्पलच्या पहिल्या पाचांत बसतं. सात मिनिटांहून थोडं जास्त. सुरुवातीला मॉर्सची मोकळी, नितळ गिटार, मग हळूहळू अख्खा बँड आत येतो, आणि शेवटाकडे गिटारची ती वर चढत जाणारी सुरावट. सुध्यासमोर मी एक मान्य केलं : तासाभराचा अल्बम लांब झालाय, आणि 'अ कॅसल फुल ऑफ रास्कल्स' वगळलं असतं तरी चाललं असतं.

"चांगला असेल," सुध्या म्हणाला, "पण पर्पलचा नाही."

"ब्लॅकमोर दोन खेपा मिळून सोळा-सतरा वर्षं होता. मॉर्स २०२२ पर्यंत, अठ्ठावीस वर्षं. आता सांग, पर्पल कोणाचं?"

यावर तो काही बोलला नाही, पण फोन काढला. "कुठून सुरू करू?"

"अल्बमातलं चौथं आणि पाचवं गाणं, सलग," मी म्हटलं.

"मुळीच नाही," मिल्या म्हणाला. "आधी रोझा."