टाकीतला शार्क आणि माझा भाचा

गेल्या रविवारी इंदिरानगरला ताईकडे गेले होते. भाचा बारावीला आहे, कॉलेज रोडवरच्या एका क्लासला जातो. त्याच्या शेजारी बसणारा मुलगा डेंगीने बारा दिवस घरी होता. त्याने बुडालेल्या तासांच्या नोट्स मागितल्या, ह्याने दिल्या नाहीत. "का रे?" म्हटलं तर तोंडाने उत्तर न देता फोनच पुढे केला. त्यात 'जंगलाचा नियम' नावाचा मेसेज. क्लासच्या पालकांच्या ग्रुपवरून दाजींकडे, दाजींकडून आमच्या घरच्या ग्रुपवर, तिथून ह्याच्याकडे. तुमच्याकडेही येऊन गेला असेल.

मेसेज थोडक्यात असा: डार्विन सांगून गेलाय की बलवान तोच टिकतो. जंगलात हरीण असो की सिंह, रोज सकाळी उठून धावावंच लागतं. जपानी कोळी मासे ताजे राहावेत म्हणून टाकीत छोटा शार्क सोडतात, तसा तुमच्या मुलाच्या आयुष्यातही एक शार्क हवा. सहकार ही आळशांची सोय, म्हणून तर सहकारी संस्था बुडतात. आणि शेवटी ठळक अक्षरांत: मित्र हा आधी स्पर्धक असतो, आपल्या नोट्स आपल्यापाशी ठेवा.

मी बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवते. एरवी असले मेसेज न वाचता पुसून टाकते. पण ह्या वेळी तो घरातल्या पोराच्या डोक्यात जाऊन बसलाय.

डार्विनपासून सुरुवात करू, कारण त्याच्या नावावर काहीही खपतं. 'सर्वांत लायक तो टिकतो' हे शब्द मुळात त्याचे नाहीत. ते १८६४ साली हर्बर्ट स्पेन्सर ह्या इंग्रज विचारवंताने वापरले. डार्विनने ते पुढे उचलले, आपल्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' ह्या ग्रंथाच्या १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत. आणि लायक म्हणजे बलवान नव्हे, त्या त्या परिस्थितीला जुळणारा. बलवानच टिकायचा असता तर आज डायनासोर असते आणि झुरळं नसती. मूळ ग्रंथ १८५९ चा. त्याच्या तिसऱ्या प्रकरणात डार्विन स्वतःच बजावतो की जगण्याची धडपड हा शब्दप्रयोग मी व्यापक अर्थाने, रूपक म्हणून करतोय आणि एका जिवाचं दुसऱ्यावर अवलंबून असणंही त्यात धरलंय. वाळवंटाच्या कडेला उभं असलेलं झाड दुष्काळाशी झगडतं, असं उदाहरणही देतो. तिथे कोणी कोणाच्या उरावर बसलेलं नाही. पुढे १८७१ मध्ये माणसाच्या उत्पत्तीबद्दल लिहिताना तो आणखी सरळ बोलतो: ज्या टोळीत एकमेकांच्या मदतीला धावणारी माणसं जास्त, ती टोळी इतर टोळ्यांवर मात करील. ज्याच्या नावाने मेसेज फिरतोय, त्याने हे लिहून ठेवलंय.

(उलट बाजूचे लोकही काही कमी नाहीत. 'बलवान नव्हे, बदलाशी जुळवून घेणारा टिकतो' हे वाक्य डार्विनच्या फोटोखाली फिरतं. तेही त्याचं नाही, १९६३ मध्ये लिऑन मेगिन्सन नावाच्या अमेरिकन व्यवस्थापनशास्त्राच्या प्राध्यापकाने केलेला तो मथितार्थ आहे. माझ्या बाजूचं असलं तरी मी ते वापरणार नाही.)

हरीण-सिंहाचं एका दमात संपवते. सिंह कळपाने राहतो आणि बरेचदा मिळून शिकार करतो. आपल्या जंगलातलं चितळ वानरांच्या झाडाखाली चरतं, कारण वरून पाला पडतो आणि वाघ दिसला की वानर आधी ओरडतं. धावण्याची वेळ त्यानंतर येते.

आता शार्क. सगळ्यात जास्त राग मला ह्या गोष्टीचा आलाय.

एक तर ती सपशेल उलटी आहे. लांबच्या समुद्रात पकडलेला टूना जपानी जहाजांवर उणे साठ अंशांच्या आसपास गोठवतात, त्याच्यासाठी शार्क पाळत नाहीत. आणि मासा चांगला राहावा म्हणून जपानी कोळी त्याला धडपडूच देत नाहीत. 'इकेजिमे' नावाची त्यांची जुनी पद्धत आहे. मासा हाती आला की मेंदूवर नेमका एक घाव घालायचा, तडफड तिथेच बंद. कारण साधं आहे, नववीच्या पोराला समजेल असं. घाबरलेला, धडपडणारा मासा स्नायूंतलं ग्लायकोजेन जाळून टाकतो, लॅक्टिक आम्ल साठतं, मांस मऊ पडतं, लवकर खराब होतं. फार झुंजलेल्या टूनाचं मांस तर भाजल्यासारखं फिकं पडतं, त्याला बाजारात भाव येत नाही. म्हणजे शार्क खरोखर सोडला असता तर सकाळी टाकीत उरलेला माल कोणी घेतला नसता.

पण गोष्ट खरी आहे असं क्षणभर धरून चाला आणि ती माशाच्या बाजूने वाचा. मासा रात्रभर जीव मुठीत धरून पळतो आणि बक्षीस काय, तर सकाळी ताजा ताजा कापला जातो. त्याच्या पळण्याचा फायदा कोळ्याला आणि खाणाऱ्याला. सतरा वर्षांच्या मुलासमोर हे रूपक ठेवताना एकाही पालकाला हा प्रश्न पडला नाही? दाजी, तुम्हालाही नाही? त्याच मेसेजच्या तळाशी क्लासची जाहिरात आहे: मित्रासोबत प्रवेश घ्या, दोघांनाही फीमध्ये सवलत. प्रवेशापुरता मित्र चालतो म्हणायचा.

चुरशीने माणूस जोर लावतो, हे मान्य. शेजारच्या पट्ट्यात कोणी पळत असेल तर माझ्या वर्गातली पोरंही जास्त वेगाने पळतात, दरवर्षी बघते. पण शेजारी पळणारा आणि मागे लागलेला, ह्यात फरक आहे.

सहकाराच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने कबूल करते. आपल्या नाशिक जिल्ह्यात साखर कारखान्यांना कुलपं लागलेली आपण पाहिली, पतसंस्थांत अडकलेल्या ठेवींसाठी म्हातारी माणसं हेलपाटे घालताना पाहिली. पण ते बुडाले कशाने? सभासदांना हिशोब दिसेनासा झाला म्हणून. सहकार म्हणजे एकमेकांच्या गळ्यात गळे घालणं, असा ह्या मेसेजवाल्यांचा समज दिसतो. माझं माहेर बागलाणातलं, मोसम नदीच्या काठचं. तिथली फड पद्धत तीन-चारशे वर्षं जुनी आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली जमिनीचे फड आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी सोडणार पाटकरी, राखण करणार जागल्या, त्यांच्यावर हवालदार, आणि ह्यांचा मोबदला सगळ्यांनी मिळून द्यायचा. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणते फड भिजवायचे आणि कोणते कोरडे ठेवायचे, हेही सगळ्यांनी बसून ठरवायचं. बांधावरून भांडणारे भाऊबंदच हे सगळं करत आले. कोणी कोणाचा लाडका होता म्हणून नाही, दुसऱ्याची पाळी मोडली तर उद्या आपलीही मोडेल हे ठाऊक होतं म्हणून.

हे जुनं झालं म्हणाल तर ओझरला जाऊन या. वाघाड धरणाचं पाणी कालव्याच्या शेपटाकडे पोचत नव्हतं. बापू उपाध्ये आणि भरत कावळे ह्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचं आणि मोजल्याप्रमाणे पट्टी भरायची. पुढे धरणाच्या सगळ्या लाभक्षेत्रात अशा संस्था झाल्या. हेच शेतकरी द्राक्षाच्या भावासाठी एकमेकांशी चढाओढ करतात, आणि वेलीवर डाऊनी हा बुरशीचा रोग आला की शेजाऱ्याला फोनही करतात, कारण बुरशी बांध बघून थांबत नाही. अशा संस्था टिकतात कशा, ह्याचा जगभर अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याही प्रेमाबिमाबद्दल बोलत नाहीत. नियम, देखरेख, मोडणाऱ्याला दंड, असा सगळा रोखठोक मामला.

राहता राहिल्या नोट्स. जागा थोड्या आणि मुलं अफाट, हे खरंच आहे. पण भाच्यासमोर कागद घेऊन बसले. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेला २०२४ साली तेवीस लाखांहून जास्त मुलं बसली. त्यातला तुझा मित्र किती? एक. बारा दिवस तापाने फणफणलेल्या पोराला वही न देऊन तू सगळं साधलंस, तर तुझा क्रमांक फार तर एकाने वर जाईल. उरलेल्या तेवीस लाखांना तुझ्या वहीशी देणंघेणं नाही. आणि वही दिलीस तर तो शंका विचारील, तुला ती समजावून सांगावी लागेल, आणि जे समजावता येत नाही ते आपल्यालाच आलेलं नाही हे तुला परीक्षेआधी कळेल. बावीस वर्षं हे माझ्या बाबतीत होतंय.

तो काही बोलला नाही. ताई म्हणाली, "त्याला अभ्यास करू दे आता."

घरी येऊन हे सगळं मी घरच्या ग्रुपवर टाकलं. दाजींनी अंगठा पाठवला. तासाभराने त्यांचाच नवा मेसेज आला: गरुड चाळिसाव्या वर्षी डोंगरावर जाऊन स्वतःची चोच दगडावर आपटून तोडतो आणि पुढे आणखी तीस वर्षं जगतो. चोच तुटलेला गरुड तोवर खातो काय, एवढंच विचारलंय. अजून उत्तर नाही.