‘बॅटरी बदला आणि मोकळे व्हा’ म्हणणाऱ्या काकांना

काका, कमेंटबद्दल थँक्स. काका म्हणतोय कारण तुम्हीच लिहिलंय की प्रीमियर पद्मिनीपासून गाड्या चालवताय, आणि सूरही काकांचाच आहे, राग मानू नका. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, बंद गाडीची बॅटरी कोण पितंय ते मी कसं शोधलं यावर लिहिलं होतं, त्यावर काकांचे तीन आक्षेप आहेत. एक, पाच वॉटच्या बल्बपायी दोन रविवार घालवण्यापेक्षा नवीन बॅटरी टाकायची, दोन वर्षांनी बदलावी लागतेच. दोन, माझं वाचून त्यांनीही बॅटरीची निगेटिव्ह वायर आणि टर्मिनलच्या मध्ये मल्टीमीटर लावला, आधी 3.2 अँपिअर दाखवले, मग 0.6 वर आला, एकेक फ्यूज काढून परत लावला तरी 0.6 च्या खाली काही गेला नाही आणि शेवटी मीटरच बंद पडला, म्हणजे पद्धतच भंपक. तीन, रात्री बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवली की विषय संपला, एवढं लिहायचं काय त्यात.

दुसऱ्यापासून सुरू करतो कारण त्यात चूक माझी आहे. मी ‘मीटर लावल्यावर थोडा वेळ थांबा’ एवढंच लिहिलं होतं. थोडा वेळ म्हणजे पाच मिनिटं नाही हो, हल्लीच्या गाडीत बॅटरीची वायर परत जोडली की सगळे छोटे कॉम्प्युटर एकदम जागे होतात, तुमचे ते 3.2 तेच, आणि मग एकेक करून झोपतात, त्याला वीस मिनिटं लागतात, काही गाड्यांत चाळीस. तोपर्यंतचा आकडा बघायचाच नाही. मध्ये कोणी दार उघडलं की पहिल्यापासून सुरुवात. म्हणून मी आधीच दार उघडून ठेवतो आणि दाराच्या लॉकची जीभ स्क्रूड्रायव्हरने दाबून टाकतो म्हणजे गाडीला वाटतं दार बंदच आहे (नंतर हँडल ओढून ती सोडवा, मी तसंच दार आपटलं होतं, पत्र्याचा आवाज अजून कानात आहे). बटण स्टार्टवाली गाडी असेल तर चावी वर घरात ठेवून या, खिशात असली की गाडीला झोप लागत नाही. सगळं झोपल्यावर 0.02 ते 0.05, म्हणजे वीस ते पन्नास मिलीअँपिअर राहतात, ते नॉर्मल आहे, घड्याळ, रिमोट लॉक वगैरे. तुमच्या पद्मिनीत हे काहीच नव्हतं त्यामुळे चावी काढली की संपलं.

मीटर मेला नसेल, आतला फ्यूज उडाला असेल. लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात लावून मीटर निगेटिव्ह वायर आणि टर्मिनलच्या मध्ये आला, आणि तशात कोणी चावी फिरवली तर स्टार्टर शंभर अँपिअरच्या वर खेचतो, फ्यूज राहील कसा. दुसरी चूक जास्त कॉमन आहे, करंट मोजून झाला की वायर त्याच भोकात राहते आणि माणूस व्होल्टेज बघायला दोन्ही टर्मिनलना टोकं लावतो, म्हणजे सरळ शॉर्टच केला. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाताना जुना फ्यूज दाखवायला घेऊन जा, तसाच लावा, तिथे तांब्याची तार नको.

आणि फ्यूज उपटायचेच नाहीत, हेही मी लिहायला हवं होतं. एकेक काढून लावलात की लावताना तो सर्किटवाला कॉम्प्युटर परत जागा होतो आणि आपण गोल गोल फिरत बसतो. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे धातूचे ठिपके असतात बघा, मीटर मिलीव्होल्टवर ठेवून दोन्ही ठिपक्यांना टोकं टेकवायची. शून्य आला तर त्या फ्यूजमधून करंट जात नाही, पुढे चला. काही आकडा आला तर तिथून कोणीतरी पितंय.

आता बॅटरी बदलण्याबद्दल. काका, मी तेच केलं होतं! पहिली बॅटरी चौदा महिन्यांत बसली, दुकानवाला म्हणाला मुंबईची दमट हवा साहेब, बॅटरी टिकत नाही, मी मान डोलावली आणि नवीन घेतली. ती गणपतीला कोकणात जाऊन आली, मस्त चालली, आणि ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी सकाळी परत टक टक टक. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आमची गाडी भांडुपला सोसायटीत उभी असते, ऑफिसला लोकलने जातो, गाडी फक्त शनिवार-रविवार. पाच वॉटचा बल्ब म्हणजे साधारण 0.4 अँपिअर, ऐकायला काहीच नाही, पण चोवीस तासांत दहा अँपिअर-आवर (अँपिअर गुणिले तास) होतात आणि माझी बॅटरी 35 अँपिअर-आवरची आहे. म्हणजे रविवारी रात्री गाडी लावली की गुरुवार उजाडायच्या आत साफ. आणि बॅटरी अशी दोन-चार वेळा तळाला गेली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, मग चार्ज करूनही ती पहिल्यासारखी होत नाही.

गंमत म्हणजे हे दर आठवड्याला होत नव्हतं, म्हणूनच दोन रविवार गेले. पहिल्या रविवारी मीटर 0.03 दाखवत होता, सगळं ठीक, मला वाटलं मीच येडा. दुसऱ्या रविवारी 0.43. केबिन लाइटच्या फ्यूजवर मिलीव्होल्ट आले, पण त्याच फ्यूजवर टेपची मेमरी, छतावरचा दिवा, डिकीचा दिवा सगळेच, म्हणजे गल्ली कळली, घर नाही. छतावरचा विझलेला दिसत होता. मग मोबाइलवर व्हिडिओ चालू केला, डिकीत स्टेपनीच्या शेजारी उभा केला आणि डिकी लावली. दोन मिनिटांनी काढून बघतो तर आत लख्ख उजेड, माझी जुनी छत्री, पाण्याची बाटली, सगळं दिसतंय. कुलपातला छोटा स्विच पावसाच्या पाण्याने गंजून अडकत होता. डिकी जोरात आपटली की तो दाबला जायचा, हळू लावली की दिवा चालूच. आमच्याकडे बायको हळू लावते आणि मी आपटतो, त्यावरून मी लग्नापासून ऐकून घेतलंय, तर त्या रविवारी मी काय खूश झालो असेन विचार करा. (तिचं म्हणणं, नीट स्विच बसवला असतास तर आपटावी लागली नसती. बरोबर आहे.)

निगेटिव्ह काढण्याचं म्हणाल तर चूक नाही, मी महिनाभर तेच केलं. पण जुलैच्या पावसात एका हातात छत्री, दुसऱ्यात दहाचा पाना आणि बॉनेट डोक्यावर, हे रोज रात्री कोण करणार, शिवाय घड्याळ, टेपची स्टेशनं, काही गाड्यांत खिडकीच्या ऑटो काचेचं सेटिंग पण जातं. महिनाभर गावाला जाताना काढा, जरूर. फक्त आधी निगेटिव्हच, प्लसला पाना असताना तो बॉडीला टेकला तर ठिणगी उडते.

आता तुमच्या 0.6 कडे येतो, कारण मला वाटतं तिथे खरंच काहीतरी आहे. चाळीस मिनिटं थांबून परत बघा, आधी ते. तरी 0.6 असेल आणि बॉनेटखालच्या डब्यातले फ्यूज पण तपासून झाले असतील, तर पिणारा फ्यूजच्या डब्यातून घेतच नाहीये, थेट बॅटरीवरून घेतोय. ऑल्टरनेटरची (गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) जाड वायर अशीच येते, त्यातला डायोड, म्हणजे करंट उलटा जाऊ न देणारा भाग, गळका असेल तर गाडीचे सगळे फ्यूज काढलेत तरी फरक पडणार नाही. पण माझा संशय तिकडे नाही. तुम्ही कमेंटच्या शेवटी सहज लिहिलंय की मुलाने मागच्या वर्षी बास ट्यूब (धडधड आवाजाचा तो मोठा स्पीकर) बसवली. काका, ते आधी सांगायचं ना! बास ट्यूबच्या अँप्लिफायरला बॅटरीवरून वेगळी जाड वायर जाते, आणि त्याला चालू-बंद सांगणारी निळी बारीक वायर असते ती टेपवरून यायला हवी. बसवणाऱ्याला घाई असली की तो निळी पण कायमच्या लाइनला जोडून देतो, गाणं वाजतंय तोवर कोणाला कळणार. मग अँप्लिफायर रात्रभर जागा. 0.6 म्हणजे रात्रीच्या दहा तासांत सहा अँपिअर-आवर, तुम्ही रोज ठाणे-बीकेसी करता म्हणून सकाळी गाडी सुरू होते, आणि दोन वर्षांत बॅटरी बसते ती बहुतेक यानेच.

बॅटरीच्या प्लसपासून हातभर अंतरावर त्या जाड वायरीवर पारदर्शक प्लास्टिकचा फ्यूज होल्डर दिसेल. मीटरचा फ्यूज बदललात की गाडी झोपू द्या, मग तो होल्डर उघडून आतला हा एक फ्यूज मात्र काढा आणि आकडा किती झाला ते इथेच लिहा. आणि तोवर मुलाला काही बोलू नका, कदाचित ऑल्टरनेटरच निघेल.