भोक लहान करा, चिंता मिटवा

पाइप किंवा टाकी फुटली तर सेकंदाला किती किलो रसायन बाहेर पडेल, हा आकडा काढायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? घाबरू नका. गेल्याच आठवड्यात अशा एका अहवालाच्या बैठकीला बसून आलोय. युक्त्या ताज्या आहेत.

सर्वात आधी उत्तर ठरवा. गणित मागाहून मापाचं शिवून मिळतं.

गेज प्रेशर (बाहेरच्या हवेचा दाब सोडून मोजलेला) आणि अ‍ॅब्सोल्यूट प्रेशर (हवेच्या दाबासकट मोजलेला) यांत भेदभाव नको. दाबाचं एकक शेवटी दोन्हीकडे बारच.

टाकी गळतेय? सुरुवातीचा दर सांगू नका, सरासरी सांगा. पातळी उतरेल तसा दरही उतरतो. उभ्या, उघड्या टाकीला तळाशी भोक असेल तर पूर्ण रिकामी होईपर्यंतची सरासरी सुरुवातीच्या बरोबर निम्मी येते. पहिल्या मिनिटाला तिथे उभा असलेला माणूस सरासरी श्वास घेईल.

दाबाखालचा अमोनिया असेल तर सरळ पाण्यासारखा धरा, खाली डबकं साचवा आणि मोकळे व्हा. उणे ३३ अंशांना उकळणारा हा पदार्थ ३० अंशांच्या टाकीतून सुटला की साधारण पाचवा भाग तत्क्षणी वाफ होतो आणि उरलेल्यातलंही बरंच बारीक थेंबांचं धुकं होऊन वाऱ्यावर जातं, हे मनात आणू नका.

आता खरी कला. भोक.

दाब दुप्पट केला तर द्रवाचा दर जेमतेम १.४ पट होतो. भोकाचा व्यास दुप्पट केला तर थेट ४ पट. म्हणून जाणते लोक दाबाला हात लावत नाहीत. त्या बैठकीत आधी २५ मिमीचं भोक धरलेलं होतं. पडद्यावरच्या नकाशात विषारी ढगाचं लाल वर्तुळ कुंपण ओलांडून पलीकडच्या वस्तीवर गेलं. ‘हे जरा जास्तच वाटतंय,’ साहेब म्हणाले. एक्सेलच्या पिवळ्या चौकटीत २५ खोडून १० आले. वर्तुळ आक्रसलं, पण रस्ता अजून आतच. मग ५. एन्टर. वर्तुळ कुंपणाच्या आत. ‘आता कसं रिअ‍ॅलिस्टिक वाटतंय!’ दर २५ पटींनी घटला होता आणि पाइपाला कुणी पानाही लावला नव्हता! वर डिस्चार्ज कोएफिशियंट (आदर्श गणिताच्या मानाने भोकातून प्रत्यक्षात किती वाहतं तो गुणक) ०.६१ घ्यायचा की ०.६२, यावर याच मंडळींनी आधी तासभर डोकं खाल्लेलं. दोन टक्क्यांसाठी तासभर, आणि पंचवीस पटींसाठी अर्धं मिनिट. टँकर उतरवताना ५० मिमीचा होज निसटला, तर त्याला तुमची ५ची चौकट दाखवायला कोण पुढे होणार आहे? इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोच्या रसायन कारखान्यात १९७४ मध्ये तात्पुरता म्हणून बसवलेला २० इंची बायपास पाइप फुटला, २८ माणसं मेली. कोणतं भोक रिअ‍ॅलिस्टिक, हे त्या पाइपाने कुणाला विचारलं होतं?

आणखी एक. ‘ऑपरेटर १ मिनिटात व्हॉल्व्ह बंद करेल’ असं लिहा. व्हॉल्व्ह ढगातच आहे, हे लिहू नका.

पुरे झालं. लाज वाटू द्या जरा. हा आकडा फाइल पास करून घेण्यासाठी नसतो. आग विझवणाऱ्यांनी किती लांब थांबायचं, डिटेक्टर कुठे लावायचे, वारा फिरला तर कुठली घरं आधी रिकामी करायची, हे सगळं त्यावरून ठरतं. तुम्ही वर्तुळ कुंपणात कोंबलंत म्हणून बाहेरच्यांना कुणी काही सांगितलेलंच नसतं. ते दारात उभे राहून ‘कसला वास येतोय’ म्हणत बसणार. लहान भोक धरायचंच असेल तर खुशाल धरा, पण का धरलं ते लिहा, खाली स्वतःची सही करा, आणि २५ मिमीचा आकडा शेजारच्या रकान्यात राहू द्या. तो खोडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?