‘चॅटबॉटने दिलंय’ हे उत्तर नाही

हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून जीव मेटाकुटीला येऊन ऑफिस गाठायचं आणि पहिलं काम काय, तर दुसऱ्याने न वाचता चिकटवलेला सहाशे ओळींचा कोड तपासायचा. ही ओळ कशासाठी रे, विचारलं की उत्तर ठरलेलं: "चॅटबॉटने दिलंय, चालतंय ना!"

अरे, चालतंय म्हणजे बरोबर आहे का? परवा पैशांच्या हिशोबाला चक्क फ्लोट, म्हणजे दशांश संख्या अंदाजे साठवणारा प्रकार, वापरला होता. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, एवढं तरी माहीत हवं! हजारो बिलांत पैसा-पैसा चुकत गेला असता. त्याआधी तर चॅटबॉटने सुचवलेली, अस्तित्वातच नसलेली लायब्ररी (तयार कोडचा संच). अशी खोटी नावं हेरून त्याच नावाने कुणी घातक पॅकेज, म्हणजे डाउनलोड करायचा कोड, इंटरनेटवर टाकून ठेवलं, तर चोराच्या हातात आपणच किल्ली दिली.

मीही वापरते चॅटबॉट, कोड तपासणाऱ्या टेस्ट लिहायला तर रोज. पण कमिटवर, म्हणजे जमा केलेल्या कोडच्या नोंदीवर, नाव माझं असतं, म्हणून ओळ न् ओळ वाचते. नवीन मुलं हुशार आहेत, खरंच आहेत, पण एरर आली की वाचतसुद्धा नाहीत, उचलून परत चॅटबॉटमध्येच टाकतात. पोटतिडकीने सांगतेय, आधी स्टॅक ट्रेस, म्हणजे एरर कोडमध्ये कुठे आली ते दाखवणारी यादी, वाचा, मग विचारा काय ते.