घरातली मराठी बंद करा म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांचे ग्रुप असोत की नेरूळ-खारघरच्या पालकांचे, नर्सरीच्या प्रवेशांचे दिवस आले की एक मजकूर फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: मूल इंग्रजी माध्यमात घालणार असाल तर घरात मराठी बंद करा, दोन भाषांनी ते गोंधळतं आणि उशिरा बोलतं, घरीही इंग्रजीच बोललात तर ते शाळेत पुढे जातं. पाच वर्षांपर्यंत 90 टक्के मेंदू तयार होतो, म्हणून तिसऱ्या वर्षापासून लिहायला बसवा. आणि तुमचं इंग्रजी कच्चं असेल तर अभ्यासात पडू नका, ट्यूशन लावा. हे वाचून बरीच घरं आजी-आजोबांनाही ‘बाळाशी मराठीत बोलू नका’ म्हणून सांगतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

गोंधळ आणि उशीर. ‘आई, मला वॉटर दे’ म्हणणारं मूल गोंधळलेलं नसतं. दोन भाषांतला जो शब्द आधी जिभेवर येतो तो ते वापरतं, आणि हे मिश्रण पुढे आपोआप कमी होतं. उशीर झाल्यासारखा वाटतो तो बहुतेकदा मोजणीमुळे. दोन वर्षांच्या मुलाला तीस शब्द मराठीत आणि पंचवीस इंग्रजीत येत असतील तर ते पंचावन्न धरायचे. नुसते इंग्रजी मोजले की मूल मागे पडलेलं दिसतं.

या मुद्द्यातला खरा धोका वेगळाच आहे. दोन वर्षं झाली तरी ‘बाबा ये’, ‘दूध नको’ असे दोन शब्द मूल जोडत नसेल, तर भाषा बदलून वाट बघत बसण्यात मोलाचे महिने जातात. आधी श्रवणचाचणी करून घ्या. सततच्या सर्दीने कानात पाणी साठलं तरी ऐकू कमी येतं, आणि मोठ्या आवाजाला मूल वळून बघतं म्हणून घरच्यांच्या ते लक्षात येत नाही. चाचणी ठीक आली तर वाचा-उपचारतज्ज्ञाकडे (स्पीच थेरपिस्टकडे) जा. हाक मारल्यावर बघत नाही, दीड वर्षाचं झालं तरी हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, असं असेल तर बालरोगतज्ज्ञांना लगेच सांगा. घरातली मराठी बंद केल्याने यातलं काहीच बरं होत नाही.

घरी इंग्रजी बोललं की मूल शाळेत पुढे जातं, हा मुद्दा सगळ्यांना पटतो आणि नुकसानही तोच सर्वांत जास्त करतो. ज्यांच्या तोंडी इंग्रजी सहज नाही त्या आईवडिलांचं इंग्रजी चार हुकमांवर येऊन थांबतं: कम, सिट, फिनिश इट, नो. तीच आई जांभळी नाक्याच्या भाजीबाजारात मराठीत म्हणते, ‘मेथीची जुडी कोवळी आहे का बघ. देठ मोडून बघ, जून असला तर नुसता वाकतो, तुटत नाही.’ या दोन वाक्यांत तुलना आली, जर-तर आलं, कारण आलं आणि करून बघणंही आलं. पुढे शाळेत ‘स्टेम’ शिकवतील तेव्हा मुलाला फक्त नवं नाव लक्षात ठेवायचं असतं, वस्तू ओळखीची असते. एका भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेला आधार देते, हे द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 मध्येच मांडलं. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून किंवा घरच्या भाषेतून शिकवा असं सांगतं. शिवाय 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत पहिली ते दहावी मराठी विषय सक्तीचा आहे. घरात बंद केलेल्या मराठीसाठी तिसरीत वेगळी शिकवणी लावायची वेळ येते.

रोज दहा मिनिटं मराठी पुस्तक वाचा. 1893 पासून मराठी ग्रंथसंग्रहालय असलेल्या ठाण्यात पुस्तकांची वानवा नाही. चित्र दाखवून विचारा, मग मनात पाच आकडे मोजेपर्यंत गप्प राहा. ‘कुत्रा पळाला’ एवढंच आलं तर ते वाढवून परत द्या: ‘हो, कुत्रा घाबरून पळाला. कशाला घाबरला असेल?’ बिघडतं ते परीक्षा घेतल्याने. ‘हा कुठला रंग? हे काय आहे?’ असं पाच वेळा झालं की मूल पुस्तक मिटतं. तेच पुस्तक पंधरा दिवस मागत असेल तर वाचू द्या, ओळखीच्या गोष्टीतच ते नवीन शब्द उचलतं.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी: मराठी संख्यानामं खरंच अवघड आहेत. ‘एकवीस’मध्ये आधी ‘एक’ ऐकू येतो, म्हणून मूल 12 लिहितं. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात, म्हणून 39 लिहितं. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी पद्धत आली आणि त्यावरून मोठा वाद झाला, तो याच अडचणीपायी. इलाज स्वस्त आहे. आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधा. दोन गठ्ठे आणि एक सुटी काडी ठेवून ‘वीस आणि एक, एकवीस’ म्हणा आणि लिहिताना आधी गठ्ठे, मग सुट्या. एकोणतीससाठी तीन गठ्ठे मांडून त्यातली एक काडी काढायला लावा, म्हणजे ‘एकोण’ म्हणजे एक उणा हे हाताला कळतं. पन्नासपर्यंत पक्कं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

90 टक्क्यांचं म्हणाल तर तो आकडा मेंदूच्या आकारमानाचा आहे, शिकण्याचा नाही. वाचन, गणित, विचार करणं पुढे कितीतरी वर्षं घडत राहतं. राज्यात पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण लागतात, मग तिसऱ्या वर्षी पेन्सिलची घाई कशाला? मनगट आणि बोटं तयार नसताना लिहायला लावलं की मूल पेन्सिल मुठीत धरतं, इतकं दाबून लिहितं की कागद फाटतो, आणि ती पकड पुढे सुटता सुटत नाही. त्या वयात मटार सोलायला द्या, कणकेचे गोळे करू द्या, कपड्यांचे चिमटे लावू द्या.

राहिला ट्यूशनचा मुद्दा. पालकांचं इंग्रजी कच्चं असलं तरी अभ्यास समजलाय का, हे त्यांना नक्की तपासता येतं. मूल ‘इव्हॅपोरेशन’ची व्याख्या घडाघडा म्हणत असेल तर पुस्तक मिटा आणि विचारा: ‘जुलैत गॅलरीतले कपडे दोन-दोन दिवस का वाळत नाहीत?’ ‘हवेत आधीच बाष्प भरलेलं असतं’ अशा अर्थाचं काही मराठीत आलं तर समजलंय. व्याख्याच पुन्हा आली तर नुसतं पाठ आहे, आणि तो धडा परत घ्यायला हवा. आजीलाही हा प्रश्न विचारता येतो, त्याला इंग्रजी लागत नाही. रोज वीस मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, एवढं पुरतं. शाळेच्या पालकसभेतही मराठीतच विचारा: कुठल्या धड्यात अडतो, हात वर करतो का, मधल्या सुट्टीत कोणाशी बोलतो?