पुस्तक सुचव ना गं!

आमच्या घराण्यात 'हिला वाचायचा नाद आहे' अशी माझी बदनामी आहे. बारसं असो की इंदूरच्या 'छप्पन दुकान' या खाऊगल्लीतले पोहे-जलेबी, कोणीतरी गाठतंच. "एखादी कादंबरी सुचव गं." मागोमाग अटी. जाड नको, रडकी नको, अगदीच फालतूही नको. इतक्या अटी आमच्याकडे स्थळ बघतानासुद्धा घालत नाहीत.

काका निवृत्त इंजिनिअर, म्हणून त्यांना विज्ञानकथा. अँडी वीअरची 'द मार्शियन' दिली. मंगळावर अडकलेला माणूस आकडेमोड करून बटाटे पिकवतो, काका खूश. इतके, की खत कशाचं वापरलं ते त्यांनी भर जेवणात सविस्तर सांगितलं. त्या दिवशी भाजी नेमकी बटाट्याची होती. काकू हल्ली माझ्याशी कामापुरतंच बोलतात. मग अर्सुला ल ग्विनची १९६९ची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'. त्यातल्या ग्रहावर कोणी कायमचं बाई नाही की बुवा नाही. आठवडाभरात काकांचा फोन, "अगं, इथं राजा गरोदर आहे! छपाईची चूक ना?"

मावशीचं प्रकरण वेगळं. शाळेत इंग्रजी शिकवलेली, 'मृत्युंजय' तोंडपाठ. तिला मॅडलीन मिलरची 'सर्सी', ग्रीक पुराणातल्या जादूगारणीची कादंबरी, देताना मी हळूच म्हटलं, "यातले देव जरा वाह्यात आहेत हं."

"आपले काय कमी होते?" मावशी म्हणाली.

पहिल्याच प्रकरणानंतर तिने नातं लावून टाकलं. सर्सी सूर्याची मुलगी? "म्हणजे कर्णाची बहीणच की!" पुढे अंगावर आलेल्या खलाशांची सर्सी डुकरं करते, तिथे तर मावशीने आमच्या सोसायटीच्या कमिटीचीही नावं सुचवली.

"असंच आणखी दे" म्हणाली, म्हणून मिलरचीच २०११ची 'द साँग ऑफ अकिलीस' दिली. ट्रॉयच्या युद्धातला वीर अकिलीस आणि त्याचा जिवलग पॅट्रोक्लस यांची गोष्ट. रात्री उशिरा फोन. आवाज भरलेला. "पॅट्रोक्लस मेला! आणि मेल्यावरही तोच गोष्ट सांगतोय! रडकी नको म्हटलं होतं ना?"

"मावशी, होमरच्या काळापासून मरतोय तो."

"मला कोणी कळवलं होतं?"

पुढच्याच शनिवारी सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, भिशीच्या बायका भेटल्या. भुट्ट्याच्या किसाचा द्रोण हातात धरून मावशी त्यांना सांगत होती, "अवश्य वाचा हं. शेवटी दोघंही मरतात."