सासूबाई माझ्यापासून किती टक्के लांब

लग्न ठरवताना आमच्याकडे पत्रिका बघतात, पगार बघतात, फ्लॅट सातपूरला की गंगापूर रोडला ते तर सगळ्यात आधी बघतात, पण दोन घरांच्या बोलण्यात अंतर किती हे कोणी मोजत नाही. मी पंचवटीचा, बायको सटाण्याची. बायकोचं काही नाही, ती नाशिकला शिकलेली. प्रश्न सासूबाईंचा आहे. त्यांची अहिराणी एकदा सुरू झाली की मी चेहरा हसरा ठेवून मधेमधे "हो ना" म्हणत राहतो, आणि त्यातलं एखादं "हो ना" कोणाच्या तरी मयताच्या बातमीला जातं.

तर हे अंतर मोजता येतं म्हणे. माझी भाची पुण्यात भाषाशास्त्रात एमए करते, ती दिवाळीत रेकॉर्डर घेऊन आली आणि चिवड्याला हात लावायच्या आधी शब्दांची यादी काढून बसली. पद्धत अशी की एका शब्दाचा दुसरा करायला किती ध्वनी बदलावे, घालावे नाहीतर काढावे लागतात ते मोजायचं. व्लादिमीर लेव्हेनश्टाइन नावाच्या रशियन गणितज्ञाने हे १९६५ साली काढलं, त्याला बिचाऱ्याला बोलीशी काही घेणंदेणं नव्हतं, तो कोडमधल्या चुकांच्या मागे होता. पुढे १९९५ ला ब्रेट केसलरने तेच माप आयर्लंडच्या गेलिक बोलींना लावलं आणि तिथून ते फिरत फिरत आमच्या हॉलमध्ये आलं.

मी म्हटलं "डोळा", सासूबाई म्हणाल्या "डोया". चार ध्वनी, एक बदलला, पंचवीस टक्के. मी "मला", त्या "माले", चारात दोन, पन्नास टक्के. बायको स्वयंपाकघरातून ओरडली की एवढ्यासाठी पुण्याला फी भरतात का.

मग आला "मुलगा". सासूबाई म्हणाल्या "पोऱ्या". पाचातले चार ध्वनी वेगळे, ऐंशी टक्के! सासूबाईंना वाटलं मार्क मिळाले, त्या खूश. भाचीने माझ्याकडे संशयाने बघितलं आणि म्हणाली, मामा, तुम्ही घरात "मुलगा" कधी म्हणता? आता खरं बघायला गेलं तर मी "पोरगा"च म्हणतो, पण समोर माइक असला की माणसाची भाषा आपोआप इस्त्री होऊन येते त्याला मी काय करणार. "पोरगा" आणि "पोऱ्या", पाचात एकच फरक, वीस टक्के. म्हणजे घरात पाहुणे असले की मी सासूबाईंपासून ऐंशी टक्के लांब आणि पाहुणे गेले की वीस.

हे दुखणं जुनं आहे म्हणे. विल्यम लबॉव्ह नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने त्याला नावच दिलंय, निरीक्षकाचा विरोधाभास. लक्ष नसताना लोक कसे बोलतात ते हवं असतं आणि ते मिळवायचं तर लक्ष ठेवूनच बसावं लागतं. म्हणून जुने सर्वेक्षणवाले माणूसच निवडून घ्यायचे. फ्रान्सच्या बोलींच्या नकाशासाठी एडमों एडमों नावाचा एक गृहस्थ (आईबापांनी नाव ठेवताना कंटाळा केलेला दिसतो) १८९७ पासून चार वर्षं सायकलवर ६३९ गावं फिरला. या लोकांचा आदर्श माणूस म्हणजे खेड्यातला, म्हातारा, गाव कधी न सोडलेला पुरुष. हे ऐकून सासूबाई एवढ्या हसल्या की पदर तोंडाला लावला. त्यांचं म्हणणं, असा माणूस बायकोपुढे तोंड उघडत नाही, रेकॉर्ड काय करणार.

त्यांचा मूड चांगला बघून भाचीने ग्रियर्सन नावाच्या ब्रिटिश अमदानीतल्या साहेबाचं प्रकरण काढलं, ते काढायला नको होतं. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात मराठीचा खंड सातवा, १९०५ चा. त्यात खानदेशी, म्हणजे सासूबाईंची अहिराणी, नाही. ती १९०७ च्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली बोलींबरोबर. सासूबाईंचं हसू गेलं. त्या साहेबाला कोणी विचारलं होतं, तो सटाण्याला येऊन गेला का, ही चौकशी रात्रीच्या जेवणापर्यंत पुरली, आणि साहेब कधीच वारलेत म्हटल्यावर तर त्यांना तो पळपुटेपणाच वाटला.

माझी तक्रार वेगळीच आहे. हे अंतर दोन्हीकडून सारखंच निघतं, नाशिक ते सटाणा जेवढे किलोमीटर तेवढेच सटाणा ते नाशिक. कागदावर बरोबर आहे. पण सासूबाईंना माझं सगळं कळतं, मी हळू आवाजात बायकोला बोललेलं तर जास्तच कळतं, आणि मला त्यांचं निम्मं कळत नाही. त्यांनी स्वतःच सांगितलं, "तुमनं माले समदं समजस, मनं तुमले काहीच समजत नही." शाळा मराठी, बातम्या मराठी, तहसीलची पाटी मराठी, त्यांना आमच्याकडे यायला रोजचा रस्ता. आम्ही तिकडे जातो ते लग्नाला, आणि तिथे डीजेच्या आवाजात कोणाची कुठली बोली. भाची म्हणाली समजणं हा विषय वेगळा, तो वेगळ्या चाचणीने मोजतात. बघा म्हणजे.

शेवटी तिने आमच्या परवानगीने रेकॉर्डर टेबलावर चालूच ठेवला आणि आम्ही विसरून गेलो. त्यात पाणी कोणी वाया घालवलं यावरून आमचं जे झालं ते सगळं आलं. नंतर तिने व्हॉट्सॲपवर तक्ता पाठवला, त्यात बाकी सगळ्यांची एकेक ओळ आणि माझ्या दोन. "मामा माइकसमोर" आणि "मामा भांडताना". दुसरा मामा सासूबाईंच्या बराच जवळ होता.

सासूबाईंनी चष्मा लावून मोबाईल लांब धरला आणि विचारलं, "यास्मझार आमना जवाई कोनता?"

"खालचा," बायको म्हणाली.